म्हसेबाईंच्या शोकठरावाला दुरुस्ती

म्हसेबाई गेल्यावर कोर्टातल्या आमच्या बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, शोकसभा झाली. खोली एवढीशी, तरी तात्यांनी माइक मागवला होता. तात्या म्हणजे आमच्या तालुक्याच्या बारचे, वकिलांच्या संघटनेचे, अध्यक्ष, सगळ्यांत ज्येष्ठ वकील, पांढरेशुभ्र केस आणि मधासारखा आवाज. ते म्हणाले, "म्हसेबाई शांत, मितभाषी आणि मनमिळाऊ होत्या. बारच्या कुटुंबाशी त्यांचे स्नेहाचे संबंध होते." मग तोच मजकूर ठराव म्हणून वाचला, एकमताने मंजूर केला, दोन मिनिटं माना खाली घातल्या आणि वडापाव वाटले. मी वडापाव तसाच ठेवून बाहेर आलो. बसलो असतो तर कुणाच्या तरी अंगावर गेलो असतो.

शांत? म्हसेबाई? अहो, त्या बाईने व्हरांड्यात आवाज चढवला की रस्त्यापलीकडचा झेरॉक्सवाला मशीन बंद करून ऐकत उभा राहायचा! मितभाषी म्हणे. मनमिळाऊपणाचं तर बोलूच नका. त्या ठरावाला हात वर करणाऱ्या निम्म्या लोकांनी बाईंशी शेवटची वर्षं बोलणं टाकलं होतं. समोरून आल्या की हे मोबाइल कानाला लावायचे. आणि आता स्नेहाचे संबंध!

आमच्या धंद्यात चुकीचं किंवा अपुरं लिहिलं गेलेलं दुरुस्त करायची सोय आहे. ती मी इथं वापरतो. तात्यांना हरकत घ्यायची असेल तर त्यांनी खुशाल घ्यावी.

मी खालापूरचा. कर्जतच्या बाजूला कामं वाढली तेव्हा बार रूममध्ये मला जागा मिळाली ती म्हसेबाईंच्या शेजारच्या टेबलावर, कारण तिथं दुसरं कुणी बसायला तयार नव्हतं. बाई भिसेगावात एकट्या राहायच्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पायात कायम कॅनव्हासचे बूट, कोटाच्या खिशात लवंगा. डब्यात भाकरी आणि सुकट. डबा उघडला की आसपासचे दोघंतिघं नाक मुरडून उठायचे आणि बाईंना जागा ऐसपैस व्हायची. त्या माणसांना गावाच्या नावाने हाक मारायच्या. मी कायमचा "खालापूर" झालो. नेरळहून येणारा एक पोरसवदा वकील होता, तो "नेरळ". कोर्टापुढे बोलताना बाईंची भाषा अगदी छापील असायची. पण संताप आला की छापील भाषा गळून पडायची आणि आतली कर्जतची बोली बाहेर यायची. "काय रं नेरळ, जागेवर गेलावतास का नाय? मग लिवलंस कशाच्या जोरावर?" दिवसातून एकदा तरी हे ऐकू यायचंच.

कारण जागेवर गेल्याशिवाय बाई दाव्याची एक ओळ लिहायच्या नाहीत. स्कूटी काढायची, रस्ता संपला की ती कुणाच्या तरी अंगणात लावायची आणि बांधाबांधाने चालत जायचं. ओढा कुठल्या अंगाला आहे, आंबा कुणाच्या हद्दीत, विहिरीवर पंप कुणाचा, सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. दुसरी खोड याहून मोठी. दावा तयार झाला की पक्षकाराला व्हरांड्यात समोर बसवायचं आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवायचा. मधेच थांबून विचारायचं, "हे असंच हाय ना गं? का मी माझ्या मनाचं घातलं?" माणूस म्हणाला की नाय बाई, असं नाय झालं, तर ते पान तिथंच फाडायचं. तासभर जायचा. आम्ही हसायचो. मी एकदा म्हटलं, "बाई, सही घेऊन मोकळ्या व्हा की. त्यांना काय कळतंय त्यातलं?"

"ए खालापूर, तिच्या नावानं बोलणार मी, तिच्या तोंडचं म्हणून लिहिणार मी, आणि तिलाच ठावं नको मी काय बोलले? तुझ्या बायकोच्या नावानं मी लिहू का काहीतरी, सांग?"

बायकोचं नाव निघाल्यावर मी फाइलीत डोकं घातलं.

त्या नेरळची एक गंमत सांगितली पाहिजे, नाहीतर बाई नुसत्याच भांडकुदळ वाटतील. चौकला जुन्या हायवेवर एका गॅरेजच्या जागेचा तंटा आमच्या खालापूर कोर्टात होता. नेरळने दावा दाखल केला, बाई समोरच्या बाजूने. आता हल्ली सगळे करतात तेच नेरळने केलं होतं. कॉम्प्युटरवर जुना दावा उघडायचा, नावं बदलायची, प्रिंट काढायची. जुना दावा शेतीचा होता. त्यामुळे चौकच्या त्या गॅरेजच्या दाव्यात चक्क लिहून आलं की "सदर मिळकतीत वादी दरवर्षी भाताचे पीक घेतात." हायवेवर, ट्रकच्या टायरांच्या मधोमध!

दुसरा कुणी असता तर त्याने ते वाक्य कोर्टात वाचून नेरळची पार अब्रू काढली असती. बाईंनी त्याला जिन्याखाली नेलं आणि अशी खरडपट्टी काढली की पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "जा, दुरुस्तीचा अर्ज टाक आजच." आणि त्या अर्जावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं, हरकत नाही. बाईंचा पक्षकार भडकला. समोरच्याची चूक हातात आली ती सोडलीत कशाला, म्हणाला. बाई म्हणाल्या, "गॅरेजात भात उगवत नाय हे सांगायला तुला वकील कशाला रं पायजे? जागा तुझी असंल तर तशी जिंकू." आणि ते जिंकले.

आता खरी गोष्ट. तात्यांच्या ठरावात जिचा एक शब्द नाही ती.

भिवपुरीकडून आत डोंगराच्या पायथ्याला एक ठाकूरवाडी आहे. तिथली पोशी. नवरा वारलेला, एक मुलगी सोमी. वाडीखाली तिचं भाताचं एकच खाचर, तेवढ्यावर मायलेकींचं वर्ष निघायचं. शेजारची जागा फार्महाऊसचे प्लॉट पाडणाऱ्या एका बिल्डरने घेतली आणि तो हळूहळू इकडे सरकायला लागला. पोशी तात्यांकडे गेली. तात्यांनी मनाई मागणारा दावा टाकला, म्हणजे याला माझ्या खाचरात येऊ देऊ नका एवढंच मागणं. दिवाळीची सुट्टी लागली, कोर्ट बंद झालं आणि तेवढ्यात बिल्डरने खाचर आत घेऊन भिंत बांधून टाकली.

इथं जरा समजून घ्या. दाव्यात जे लिहिलं नाही, ते कोर्ट देत नाही. पोशीच्या दाव्यात होतं की खाचर माझ्याकडे आहे, त्याला येऊ देऊ नका. आता तो आत येऊन बसला होता. तेव्हा दाव्यात घालायला हवं होतं की भिंत पाडा आणि माझा ताबा मला परत द्या. त्यासाठी दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. तात्यांनी तो केला. समोरच्याने वर्षभर घोळ घातला, पण अर्ज मंजूर झाला. मंजूर झाला म्हणजे झालं, असं पोशीला वाटलं. मलाही, वकील नसतो तर, तसंच वाटलं असतं. पण नाही. मंजुरी मिळाल्यावर चौदा दिवसांत वकिलाने जाऊन मूळ दाव्याच्या कागदावर ती दुरुस्ती लाल शाईने लिहायची असते, खाली सही करायची असते. अर्ध्या तासाचं काम. ते केलं नाही तर मंजुरी असून नसल्यासारखी.

तात्यांनी ते केलं नाही. विसरले. दोन वर्षं पोशी तारखेला येत राहिली आणि तात्या तिला सांगत राहिले, "लागेल गं निकाल." तेवढ्या काळात बिल्डरने भिंतीच्या आत मुरमाचा भराव टाकून खाचर रस्त्याच्या उंचीला आणलं. शेवटी कुणीतरी पोशीला म्हसेबाईंकडे पाठवलं. बाईंनी फाइल उघडली, मंजुरीचा हुकूम वाचला, मग मूळ दावा उलटून पाहिला. लाल शाईचा एक ठिपका नाही. बाईंनी फाइल टेबलावर अशी आपटली की माझा चहा सांडला.

"भडव्याने लिवलंच नाय रं!" त्या म्हणाल्या. हो, असंच म्हणाल्या. लिहा ठरावात.

बाईंनी तात्यांना विचारलं, तर ते जराही गडबडले नाहीत. म्हणाले, "होतं असं बाई कधीकधी. मुदतवाढीचा अर्ज मी टाइप करून ठेवलाय. तुम्ही फक्त तिचा अंगठा घ्या." अगदी उपकार केल्यासारखे.

बाईंनी तो अर्ज घेतला आणि रिवाजाप्रमाणे पोशीला व्हरांड्यात बसवून वाचायला लागल्या. त्यात काय असणार? आमच्याकडे उशिराचं कारण ठरलेलं आहे. "वादी ही अशिक्षित व अडाणी असून दुर्गम भागात राहते. मध्यंतरी ती दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळून होती. त्यामुळे वकिलांशी संपर्क होऊ शकला नाही." सगळे हेच लिहितात. वकील विसरला, पक्षकार आजारी. वकील लग्नाला गेला, पक्षकार आजारी. आमच्या कोर्टातले कागद खरे मानले तर या तालुक्यात एक माणूस धडधाकट सापडायचा नाही, वकील सोडून!

पोशी ऐकता ऐकता उठून उभी राहिली. "मी आजारी? कवा? बाय, मी एक तारीख चुकवली नाय. पाऊस व्हता तवा बी आले, सोमीला ताप व्हता तवा बी आले. मी कशाला सांगू आजारी व्हते म्हून?"

"सांगू नको," बाई म्हणाल्या आणि अर्जाचे चार तुकडे केले.

नवा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. त्यात होतं की वादी प्रत्येक तारखेला हजर होती, चूक तिच्या आधीच्या वकिलांची आहे, त्यांनी मुदतीत दुरुस्ती लिहिली नाही, त्याची शिक्षा वादीला होऊ नये. बस्स. पण ते वाक्य वाचून बार रूममध्ये आग लागली. एका वकिलाने दुसऱ्याचं नाव लिहायचं? तेही तात्यांचं? समजावायला रांग लागली. "अहो, आजारी लिहिल्याने तिचं काय जातंय?" "तिचंच काम होतंय ना?" मीसुद्धा म्हटलं, बाई, काम होण्याशी मतलब ठेवा. त्यावर मला जे ऐकावं लागलं ते छापण्यासारखं नाही. शेवटी बारने बैठक घेऊन ठराव केला की म्हसेबाईंनी अर्ज मागे घेऊन माफी मागेपर्यंत कुणी त्यांच्याशी संबंध ठेवू नये. त्या दिवशी मी खालापूरला होतो, त्यामुळे माझी सही नाही. यात माझं शौर्य काही नाही.

बाईंनी आपलं टेबल स्वतः ढकलत व्हरांड्यात नेलं. "बरं झालं. आत लई वास यायचा," म्हणाल्या.

अर्जावर सुनावणी झाली तेव्हा कोर्टात उभं राहायला जागा नव्हती. पोशी मागे भिंतीला टेकून, शेजारी सोमी. बिल्डरचा वकील पनवेलचा, गुळगुळीत बोलणारा. तो म्हणाला, "साहेब, एका आदरणीय ज्येष्ठ वकिलांवर हा बेछूट आरोप आहे. ते इथे हजर आहेत." न्यायाधीशांनी तात्यांकडे पाहिलं. "आपल्याला काही सांगायचंय?"

तात्या उठले. मला अजूनही वाटतं, तेव्हा ते नुसतं म्हणाले असते ना की हो, राहून गेलं, तर मी हे लिहायला बसलो नसतो. माणूस विसरतो. पण तात्या त्या मधाळ आवाजात म्हणाले, "साहेब, मंजुरी मिळाल्यावर मी वादीला दोनतीनदा निरोप पाठवले. ती आलीच नाही. डोंगरातली माणसं, कामाला कुठंकुठं जातात. त्या काळात तिचा पत्ता नव्हता."

मागून पोशीचा आवाज आला. ओरडली नाही, विचारल्यासारखं बोलली. "तात्या, असं कसं वो? मंजूर झालं त्याच हप्त्यात तुमच्या ताईचं लगीन नव्हतं का? तुमीच म्हनलाव, पोरीला घेऊन ये, मान्सं कमी हायत. मी न् सोमी तुमच्याच घरी व्हतो की. हळदीपासून मांडव उतरेस्तवर. भांडी आमीच घासली."

तात्यांच्या मुलीचं ते लग्न कोर्टात सगळ्यांना आठवत होतं. तुळशीचं लग्न झाल्यावरचा पहिलाच मुहूर्त, अख्खी बार जेवायला होती. मीही होतो. बासुंदी होती. ताटं उचलणाऱ्या बायांकडे कोण बघतं? आणि हा माणूस कामाचे पैसेही न देता जिला घरात राबवत होता, तिच्याबद्दल भर कोर्टात सांगत होता की तिचा पत्ता नव्हता. ती त्याच्या मोरीवर बसली होती हो! दुरुस्तीची मुदत सरत होती तेव्हा ती त्याच्या व्याह्यांची खरकटी काढत होती. आजही हे लिहिताना माझे कान गरम होतात.

म्हसेबाई गर्रकन वळल्या. न्यायाधीशांकडे पाठ करून आमच्याकडे. "तुमी सगळे जेवलाव ना तितं? मग बोला की! एकाला तरी ओळखू येतंय का ही बाई?"

"बाई, कोर्टाकडे पाहून बोला," न्यायाधीश म्हणाले.

"माफ करा साहेब," बाई म्हणाल्या आणि वळल्या. माफी मागितलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

तात्या बसले. परत उठले नाहीत. मुदतवाढ त्याच दुपारी मिळाली. बाईंनी जेवण केलं नाही. हुकूम हातात पडताच मूळ दावा मागून घेतला आणि कारकुनाच्या टेबलाशी उभ्या राहून लाल शाईने लिहायला लागल्या. भिंत पाडावी. खाचराचा ताबा द्यावा. पण मुरमाचा भराव? तो तात्यांच्या जुन्या अर्जात असणार कुठून, भराव नंतर पडला. मंजूर झालं तेवढंच लिहिता येतं, वर एक शब्द घालता येत नाही. बाई लिहिता लिहिता थांबल्या आणि बाहेर पोशीपाशी येऊन उकिडव्या बसल्या.

"भराव काढा असं बी लिहायचं असंल तर नवा अर्ज टाकावा लागंल गं. तो समोरचा पुन्यांदा घोळ घालंल. दोन वर्षं, तीन वर्षं, मला ठावं नाय. सांग, काय करू?"

पोशी म्हणाली, "नको बाय. जिमीन पयली दे. माती मी काढीन."

बाई आत गेल्या आणि सही केली. पुढे मोजणी झाली, भिंत पोशीच्या खाचरात आहे हे निघालं. निकाल पोशीच्या बाजूने लागला आणि वरच्या कोर्टातही टिकला. त्या सगळ्या काळात बाईंचं टेबल व्हरांड्यातच होतं. पावसाळ्यात वर त्या प्लॅस्टिक बांधायच्या. आत या, असं कुणी म्हटलं नाही. तात्या दरवर्षी अध्यक्ष म्हणून निवडून येत होते.

ताबा घ्यायचा होता त्या दिवशी बाईंनी मला पंच म्हणून नेलं. कोर्टाचा बेलिफ, दोन पोलीस, भाड्याचा जेसीबी. बाईंना तेव्हा दम लागायला सुरुवात झाली होती. बांधावरून चालताना दोनदा थांबल्या, पण मी हात पुढे केला तर त्यावर फटका मारला. भिंत तासाभरात पडली. आत कमरेएवढा मुरूम, त्यावर बिल्डरने लावलेली हिरवळ वाळून गेलेली. बेलिफाने पंचनामा लिहिला, पोशीचा अंगठा घेतला आणि म्हणाला, "मिळाला मावशी तुमचा ताबा."

बाई जेसीबीवाल्याला म्हणाल्या, "अरे, आलास तसा हा मुरूम बी ओढ की."

तो बेलिफाकडे बघायला लागला. बेलिफ भला माणूस होता, पण म्हणाला, "हुकमात भिंतच आहे बाई. भरावाचं काही लिहिलेलं नाही. मला नाही करता येत."

"मला नको सांगू काय लिवलंय! मीच लिवलंय ते!" बाई कडाडल्या. बेलिफ मान खाली घालून जीपकडे गेला. जेसीबीला पुढचं काम चौकला होतं, तो धूळ उडवत निघून गेला. पोलीसही गेले.

सोमीने घरून दोन घमेली आणि फावडं आणलं होतं. मुरूम दगडासारखा बसला होता, फावडं नुसतं खणखणत होतं. बाईंनी अंगातला काळा कोट काढला, गळ्यातला पांढरा बँड ओढून काढला आणि दोन्ही माझ्या हातात कोंबले.

"बाई, तुमची तब्येत बघा जरा," मी म्हटलं.

"गप रं."

पदर खोचून त्या खाली बसल्या. पोशी खणून द्यायची, बाई दोन्ही हातांनी घमेल्यात भरायच्या, सोमी उचलून हद्दीपलीकडे बिल्डरच्या प्लॉटवरच्या हिरवळीवर नेऊन ओतायची. पहिलं घमेलं पडताच त्याचा वॉचमन धावत आला. "ओ बाई, हे कुठल्या हुकमानं चाललंय?"

म्हसेबाईंनी वर पाहिलं. तोंडभर लाल धूळ, कपाळावरून घाम ओघळलेला. "कुटल्याच नाय!" त्या ओरडल्या आणि सोमीकडे वळल्या. "थांबलीस काय गं? ओत!"